पोरीला प्रो टेनिसमध्ये उतरवताय? पहिल्या वर्षाची आखणी अशी करा

पुण्यात कोर्टाच्या कडेला उभं राहून पोरं घडवण्यात माझं आयुष्य चाललंय. ज्युनिअर गटात राज्य गाजवलेली मुलगी सतरा-अठराची झाली की पालक विचारतात, "सर, आता प्रो खेळवू का?" तिचा फोरहँड मला रोज दिसतोच. मी उलट विचारतो: वर्षभराचा पैसा कुठून येणार, आणि कॅलेंडर कोण बसवणार?

आधी पैसा. सगळ्यात खालची पायरी म्हणजे आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, १५ हजार डॉलरची स्पर्धा. आकडा ऐकून पालक हरखतात, पण ही रक्कम सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. एकेरीच्या विजेतीला त्यातले दोन हजारांच्या थोडे वर डॉलर मिळतात आणि मुख्य फेरीत पहिलीच मॅच हरली तर दीडशेच्या आसपास. त्यातून करही कापला जातो. सुमित नागल २०२३ मध्ये देशात एकेरीत पहिल्या क्रमांकावर होता, तरी खात्यात ९०० युरोच उरलेत असं त्यानं जाहीरपणे सांगितलं होतं. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीतून येऊन त्यानं कझाकस्तानच्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं आणि दुसऱ्या फेरीपर्यंतच्या खेळाचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. पण तिथे पोचेपर्यंत तग धरायला पैसा लागतो. म्हणून निदान एका वर्षाचा खर्च, एक रुपयाही बक्षीस मिळणार नाही असं धरून, बाजूला काढून ठेवा.

मग कॅलेंडर. आयटीएफकडे आयपिन, म्हणजे खेळाडूचा ओळख क्रमांक, काढून घ्या. प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या अडीच आठवडे आधीच संपते, तेव्हा ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. सुरुवात घराजवळून करा. सोलापूरला, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांच्या आयटीएफ स्पर्धा झालेल्या आहेत. तिथे वाइल्ड कार्डसाठी, म्हणजे क्रमवारी नसतानाही मिळणाऱ्या थेट प्रवेशासाठी, राज्य संघटनेकडे वेळेत अर्ज द्या. परदेशी जायचं तर एका आठवड्यासाठी जाऊ नका. ट्युनिशियात मोनास्तिर, तुर्कस्तानात अंताल्या अशा ठिकाणी एकाच गावात ओळीनं स्पर्धा चालतात. विमानाचं भाडं एकदाच, आणि पहिल्या आठवड्यात लवकर हरली तर पुढच्याची तयारी तिथेच होते. परतीचं तिकीट मात्र तारीख बदलता येईल असंच काढा. मुलगी कधी हरेल सांगता येत नाही, त्यामुळे मंगळवारी निघायचं की रविवारी, हे आपल्या हातात नसतं. आणि मिळालेले क्रमवारीचे गुण ५२ आठवडेच टिकतात. सगळ्या चांगल्या स्पर्धा एकाच महिन्यात कोंबल्या, तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात क्रमवारी धाडकन खाली येते.

आता गटिंग, म्हणजे रॅकेटला तार ओढून घेणं. याकडे पालकांचं लक्ष नसतं, आणि माझा जीव इथेच अडकतो. पॉली (पॉलिस्टरची) तार तुटत नाही म्हणून पोरं महिनोन्महिने तीच वापरतात. तार शाबूत दिसते, पण ताण केव्हाच उतरलेला असतो. चेंडू बेसलाइनच्या बाहेर जायला लागतो, मुलगी हात आखडते आणि मग कोपर दुखायला लागतं. २०० मीटरचं रीळ घ्या. एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागते, म्हणजे सोळा वेळा गटिंग होतं आणि सुट्या तारेपेक्षा स्वस्त पडतं. दर वेळी किती पाउंडावर ओढली आणि कोणत्या तारखेला, ते टेपवर लिहून रॅकेटच्या गळ्याशी चिकटवा. बेंगळुरूसारख्या उंचावरच्या गावी चेंडू जास्त उडतो, तिथे एक-दोन पाउंड वाढवा. दिल्लीच्या थंडीत चेंडू जड लागतो, तिथे तेवढेच उतरवा. बॅगेत एकसारख्या वजनाच्या तीन रॅकेट तरी हव्यातच.

एक गोष्ट मुलीला निघण्यापूर्वी समोर बसवून सांगा. छोट्या स्पर्धांवरही जगभर सट्टा लागतो. हरल्यावर अनोळखी माणसं फोनवर घाणेरड्या शिव्या पाठवतात, कधी आईबापांवर जातात. मॅचनंतर तिचा फोन तासभर तुमच्याकडे ठेवा. कुणी "एक सेट सोड" म्हणत संपर्क साधला तर गप्प बसायचं नाही, लगेच कळवायचं. न कळवणं हाही नियमभंगच आहे. खोकल्याचं औषधसुद्धा उत्तेजकांच्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय देऊ नका.

अमेरिकेतल्या कॉलेजची वाट म्हणजे माघार, असं समजू नका. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. त्या वाटेनं जायचा विचार असेल, तर बक्षिसाची रक्कम घेण्याआधी त्याबाबतचे तिथले ताजे नियम वाचा.

आणि दुहेरी सोडू नका. बार्शीची प्रार्थना ठोंबरे दुहेरीच्याच जोरावर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला सानिया मिर्झासोबत उतरली. जोडीदार स्पर्धेच्या गावी जाऊन शोधू नका, घरूनच मेसेज करून ठरवा. एकेरीत लवकर हरलेल्या आठवड्यातही मग मॅच मिळते, आणि हॉटेलची खोली दोघींत वाटता येते.