नवी महागडी गाडी परत परत वर्कशॉपला जातेय? आधी जॉब कार्ड नीट लिहून घ्या

सत्तर लाखांच्या वर मोजून घेतलेली गाडी महिन्याभरात वर्कशॉपला उभी राहिली की माणूस पहिलं काय करतो, तर ज्याने गाडी विकली त्या सेल्सवाल्याला फोन लावतो. तो गोड बोलतो, सर तुम्ही पाठवून द्या मी जातीने बघतो. गाडी जाते, धुवून पुसून परत येते, दहा दिवसांनी तोच प्रॉब्लेम, परत फोन. असं तीन-चार वेळा झालं की कळतं, आपल्याकडे बोलणं भरपूर झालंय पण कागद एकही नाही. आमच्या दादाच्या गाडीचं अगदी हेच झालं, म्हणून सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कुणाचे ते चार महिने वाया जाऊ नयेत.

डिझेल एसयूव्ही, एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेवर उभी राहणारी. कंपनी कुठली ते सांगत नाही. साधारण २,३०० किलोमीटरला मागची डावी बाजू रात्रीतून खाली बसायला लागली. सकाळी पार्किंगमध्ये जाऊन बघावं तर उजवीकडे टायर आणि वरच्या कमानीच्या मधे चार बोटं आरामात जातात आणि डावीकडे एक बोट जाईना. गाडी स्टार्ट केली की कॉम्प्रेसर घुर्र करून हवा भरतो आणि दोन मिनिटांत सगळं सरळ. म्हणजे वर्कशॉपला पोचेपर्यंत दाखवायला काही उरतच नाही. वर्कशॉपचा सर्व्हिस अॅडव्हायझर गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि म्हणतो, सर लेव्हल तर ओके आहे.

चौथ्या वेळी मी सगळी जॉब कार्डं (गाडी आत घेताना वर्कशॉप तक्रार आणि काम ज्यावर लिहितं ते कागद) मागवून टेबलावर मांडली तेव्हा घोळ कळला. पहिल्या कार्डावर "जनरल चेकअप", दुसऱ्यावर "मागून आवाज", तिसऱ्यावर "प्रॉब्लेम आढळला नाही". आम्ही तीनदा एकच तक्रार घेऊन गेलो होतो आणि कागदावर ते तीन वेगवेगळे किरकोळ प्रॉब्लेम झाले होते. उद्या ग्राहक आयोगात केस गेली तर समोरचा वकील म्हणणार, एक दोष परत परत आला असं कुठं लिहिलंय? आणि त्याचं बरोबर असणार.

तर पहिलं काम हे. जॉब कार्डावर ग्राहकाची तक्रार लिहायची जागा असते, ती अॅडव्हायझर त्याच्या सोयीने भरतो, ती तुम्ही तुमच्या शब्दांत भरून घ्यायची आणि दर वेळी तेच शब्द वापरायचे. "मागची डावी बाजू रात्रभर उभी ठेवल्यावर खाली बसते, तारीख अमुक, किलोमीटर अमुक, यापूर्वी अमुक तारखांना याच कारणासाठी गाडी आणली होती." सही करायच्या आधी वाचायचं, चुकीचं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायचं, कार्डाचा फोटो काढायचा. घेऊन जायला ड्रायव्हर किंवा वर्कशॉपचा माणूस येत असेल तर हेच वाक्य आधी मेल करून ठेवा, कारण पिकअपवाला फक्त किल्ली नेतो, तक्रार नेत नाही.

गाडी परत घेताना अजून एक सही मागतात, काम समाधानकारक झालं अशा अर्थाची. घाईत सगळे करतात. करू नका, किंवा केलीत तर शेजारी पेनाने लिहा "चालवून बघितल्यावर कळवतो". टॅबवर सही घेत असतील आणि लिहायला जागाच नसेल तर गेटबाहेर पडायच्या आत तेवढाच एक मेल टाका. वॉरंटीत झालेल्या कामाचं शून्य रुपयांचं बिलही मागून घ्या, कुठला पार्ट बदलला त्याचा नंबर त्यावर असतो. पैसे घेतले नाहीत तर बिल द्यायची गरज नाही असं वर्कशॉपवाले म्हणतात, तरी मागा. स्कॅनर लावला असेल तर फॉल्ट कोडची (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडांची) प्रिंट मागा, कारण कोड एकदा पुसले की पुसले.

आता दोष दाखवायचा कसा. आम्ही शिवणकामाचा साधा टेप घेतला, रोज रात्री गाडी उभी केल्यावर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजायची आणि सकाळी किल्ली खिशाबाहेर न काढता परत मोजायची (बऱ्याच गाड्यांत नुसतं अनलॉक केलं तरी सिस्टिम जागी होते). अकरा दिवसांचे फोटो झाले. मग मेल केला की यावेळी गाडी सोडतोय ती रात्रभर तुमच्या फ्लोअरवर उभी राहील, संध्याकाळचं आणि सकाळचं माप तुमच्या माणसाने घ्यायचं आणि कार्डावर लिहायचं. सकाळी साडेनऊला फोन आला, हो सर, बसलीये. चारही चाकांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमधून हवा लीक होत होती. चार महिने न सापडलेला दोष एका रात्रीत सापडला, कारण तो ज्या वेळी होतो त्या वेळी कुणीतरी बघितलं.

प्रत्येक दोषाची अशी एक वेळ असते. स्क्रीन काळी पडते ती गरम गाडीत की फोन जोडल्यावर, गिअरला झटका बसतो तो थंड इंजिनला की सिग्नलवरून सुटताना, वॉर्निंग पावसात येते का. व्हिडिओ काढताना किलोमीटर आणि वेळ फ्रेममध्ये येऊ द्या, आणि व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढायचा, चालवणाऱ्याने नाही. टेस्ट ड्राइव्हला टेक्निशियनला एकट्याला पाठवू नका, त्याच रस्त्यावर सोबत जा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासा, हा दोष आहे की वापर. डिझेल गाडी रोज शहरातल्या शहरात पाच किलोमीटर ट्रॅफिकमध्ये फिरत असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदणार, त्याला साफ व्हायला एकसारखा वेग आणि गरम एक्झॉस्ट लागतो. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरून डॅशबोर्डवर पाच-सहा वॉर्निंग एकदम लागू शकतात. सनरूफच्या ड्रेनमध्ये झाडाचा कचरा अडकला तर पाणी आत येतं. हे भांडणाचे विषय नाहीत, आणि यावरून भांडलात तर खरा दोष आला की तुमचं कुणी ऐकणार नाही. पण डीपीएफबद्दल विकताना काहीच सांगितलं नसेल तर तेही लिहून कळवा.

आणि हो, या काळात बाहेरच्या मेकॅनिककडे वायरिंगला हात लावू देऊ नका. डॅशकॅमसाठी एक वायर टॅप केली, रिमॅप केलं (इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं), बाहेरून मोठे अलॉय टाकले की कंपनीला हवं ते कारण आयतं मिळतं. ईएमआय सुद्धा थांबवू नका, बँकेचा करार वेगळा आहे, दोष कंपनीचा आणि सिबिल तुमचं खराब.

डीलरकडे दुसऱ्या खेपेला काम झालं नाही तर तिसरी खेप कंपनीला सांगून करा. कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, सीसीमध्ये डीलरचा सर्व्हिस हेड, सोबत जॉब कार्डांची तारीखवार यादी. फोनवर काही ठरलं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल, "आज आपलं असं बोलणं झालं". दोघांनाही पहिल्यापासून कागदावर ठेवायचं कारण कायद्याने डीलर आणि कंपनी एक नाहीत. गोव्यातल्या एका केसमध्ये डीलरने जुन्या मॉडेलची, वापरलेली गाडी नवी म्हणून विकली होती, त्यात सुप्रीम कोर्टाने २०२१ ला टाटा मोटर्सला जबाबदारीतून सोडलं, कारण डीलरने केलेलं कंपनीला माहीत होतं असं सिद्ध झालं नाही. म्हणून तक्रारीत दोघं पार्टी हवेत, आणि कुणाची काय चूक ते वेगवेगळं लिहिलेलं हवं.

गाडी बदलूनच द्या, हे मागणं मनात सगळ्यांच्या असतं. पण आपल्याकडे अमेरिकेसारखा लेमन लॉ नाही, इतक्या वेळा बिघडली की आपोआप नवी मिळेल असा नियम नाही. मारुतीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००६ ला सांगितलं की वॉरंटीत पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं लिहिलंय तर तेवढंच बंधन, अख्खी गाडी नाही. अख्खी गाडी किंवा पैसे परत हवे असतील तर उत्पादनातला दोष आहे आणि दुरुस्त करूनही तो जात नाही हे दाखवावं लागतं. त्यासाठी आयोग गाडी योग्य लॅबकडे तपासायला पाठवू शकतो, फी आधी तक्रारदाराने भरायची असते. तोवर गाडी चाळीस हजार किलोमीटर फिरली असेल तर वापरण्यालायक नाही हे म्हणणं अवघड होतं, म्हणून जे करायचं ते लवकर करा.

नोटीस द्यायची वेळ आली तर वकिलाकडून दोघांना द्या, मुदत स्पष्ट लिहा, मागणी एकच न ठेवता क्रमाने ठेवा. गाडी बदला, नाहीतर किंमत परत, नाहीतर दोष कायमचा काढून त्या सिस्टिमची वाढीव वॉरंटी लेखी द्या. रोड टॅक्स आणि इन्शुरन्सचा खर्च वेगळा मांडा. बिलातला एक टक्का टीसीएस (डीलरने विकताना आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स) मात्र यात धरू नका, तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये मिळतो.

नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन १९१५ वर तक्रार फुकट आहे, कधीकधी तेवढ्याने कंपनीचा वरचा माणूस फोन करतो. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग असा सुरक्षेचा दोष असेल तर वाहन पोर्टलवर रिकॉलसाठीची तक्रारही टाका. बाकी आयोग. डिसेंबर २०२१ च्या नियमांनंतर मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. इथे गाडीला मोजलेली किंमत बघतात, तुम्ही मागता ती भरपाई नाही. ५० लाख ते १ कोटीला फी २,००० रुपये. तक्रार तुम्ही राहता तिथून करता येते, शोरूम मुंबईत म्हणून अडत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षं, ती कारण घडल्यापासून मोजतात, "पुढच्या सर्व्हिसला बघू" ऐकत बसलात तर ती तशीच संपते.

गाडी तुमच्या स्वतःच्या धंद्याच्या कंपनीच्या नावावर घेतलेली असेल तर घाबरू नका. जुलै २०२४ मध्ये मर्सिडीजच्या केसमध्ये, ज्यात गाडीचा मधला भाग फार तापायचा, सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की डायरेक्टरच्या खाजगी वापराची गाडी कंपनीच्या नावावर आहे एवढ्यानेच ती व्यावसायिक ठरत नाही, म्हणजे ग्राहक म्हणून तक्रार करता येते. त्याच आठवड्यात बीएमडब्ल्यूचाही निकाल आला, २००९ ला घेतलेली गाडी, २०१२ मध्ये बदलून नवी द्यायची कंपनीची तयारी होती पण ग्राहकाला व्याजासकट पैसे हवे होते, शेवटी २०२४ ला ५० लाख. ही रक्कम कमी नाही, पण पंधरा वर्षं गेली. म्हणून नवी गाडी द्यायची लेखी तयारी समोर आली की रागाच्या भरात नाही म्हणू नका, वकिलाबरोबर बसून दोन दिवस शांतपणे आकडे मांडा.

आमचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. व्हॉल्व्ह ब्लॉक बदलल्यावर दोन महिन्यांनी परत तीच बाजू बसली, यावेळी नोटीस गेली, सोबत मापांचे फोटो आणि पाच जॉब कार्डं. नऊ दिवसांत कंपनीचा इंजिनिअर आला, त्या चाकाचा स्ट्रट (गाडी पेलणारा हवेचा खांब) बदलला आणि सस्पेन्शनवर दोन वर्षांची जादा वॉरंटी लेटरहेडवर चेसिस नंबर टाकून लिहून मिळाली. दादाने ते पत्र बिलाच्या फाइलमध्ये लावलंय, आणि टेप अजून ग्लोव्हबॉक्समध्येच आहे, थंडी सुरू झाली की आठवड्यातून एकदा सकाळी मोजतो.