नवीन वायफाय बसवायचंय? आधी स्विच आन् केबल बघा

वाळूज, शेंद्रा, जालना एमआयडीसीत नेटवर्कच्या कामाला नवीन लागलेली पोरं सध्या एकच विचारायलेत, कंपनी वायफाय 6 नाहीतर 7 घ्यायचं म्हणतीय, कोणता एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल सोडणारा डबा) सांगू? मी म्हणतो एपीचं नाव शेवटी काढा, आधी स्विचच्या (सगळ्या एपीच्या केबली जिथं येऊन जोडतात तो डबा) रॅकपाशी जाऊन उभे रहा.

कारण एपी हवेत कितीबी स्पीड देऊ द्या, खाली पोर्ट 1 जीबीपीएसचा असला तर त्याच्यापुढं काही जात नाही. म्हणून 2.5 जीचे (म्हणजे 2.5 जीबीपीएसचे) पोर्ट असलेला स्विच बघा. चांगली गोष्ट अशी की त्याच्यासाठी सगळी केबल उपटायची गरज नसते, धड टाकलेली कॅट 5ई 100 मीटरपर्यंत 2.5 जी ओढते, ते स्टँडर्ड 2016 लाच आलंय. 10 जी लागणार असलं तर मात्र कॅट 6ए टाका.

पण केबल तांब्याचीच पाहिजे, याच्यावर मी लई अडून बसतो. बाजारात सीसीए नावाची स्वस्त केबल मिळते, वरून तांब्याचा मुलामा आन् आत ॲल्युमिनियम. तिच्यावरून पीओई (म्हणजे नेटवर्कच्या केबलीतूनच एपीला वीज) दिलं की व्होल्टेज पडतं, वायर तापते, आन् पत्र्याच्या शेडमधी एप्रिल-मेच्या दुपारी एपी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतो, मग सगळे वायफायला शिव्या देतात. ओळखायला सोपंय, तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं की ते बंडल परत पाठवा.

मग पॉवर. पीओईचे प्रकार पाठच करा: एएफ पोर्टला 15.4 वॅट, एटी 30, बीटी 60 ते 90. नवीन एपीला बऱ्याचदा एटी किंवा त्याच्यावरचं लागतं, कमी मिळालं तर काही एपी चालू दिसतात पण आतले रेडिओ कमी ताकदीवर चालतात, आन् नवीन पोरगं दिवसभर सेटिंगच शोधत बसतं. स्विचचं एकूण बजेट पण बघा, 24 पोर्टच्या स्विचला 370 वॅट असले तर सगळ्या पोर्टला 30 वॅट मिळणार नाहीत हे साधं गणित आहे. तेवढा लोड यूपीएस किती वेळ धरील तेबी आत्ताच मोजा, आपल्याकडं लाईटीचा भरवसा नाही.

सिग्नलचा सर्व्हे गोडाऊन भरलेलं असताना करा. रिकाम्या शेडमधी सिग्नल छान दिसतो, माल लागला की रॅकच्या मागं काहीच पोहोचत नाही. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6, 11 हेच चॅनल, 20 मेगाहर्ट्झची विड्थ (चॅनलची रुंदी). 5 गिगाहर्ट्झवर ऑफिसात 40 ची विड्थ पुरते, 160 च्या मोहात पडू नका.

आन् जुनी उपकरणं विसरू नका! बारकोड स्कॅनर, वजनकाट्याचा बॉक्स, जुने प्रिंटर, यातले कित्येक फक्त 2.4 आन् डब्ल्यूपीए2 (वायफायची जुनी सुरक्षा पद्धत) वरच चालतात. 6 गिगाहर्ट्झवर तर डब्ल्यूपीए3 सक्तीचंच आहे. म्हणून या जुन्यांना वेगळा एसएसआयडी (वायफायचं नाव) आन् वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) द्या, नाहीतर सोमवारी सकाळी डिस्पॅच बंद पडायचा.

कोटेशन करताना स्विच, केबल, यूपीएस हे एपीच्या रकमेत मिसळू नका, वेगवेगळ्या ओळीत लिहा. मालक पैसे कमी करा म्हणाला तर एपीची संख्या टप्प्यानं घ्या म्हणा, केबलीत काटछाट करू देऊ नका.