आधी आई, मग बाप : विंक्सच्या निमित्ताने वंशावळ वाचायला शिकताना

२०१७ च्या पावसाळ्यात, पुण्यातील शर्यतींचा हंगाम नुकताच सुरू झाला असताना, पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मच्या नोंदणी विभागात रुजू झाले. घोड्यांच्या पायांचे आणि श्वसनाचे आजार मी शिकले होते, परंतु थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा, घोडा कागदावर कसा वाचतात, म्हणजे त्याच्या धावांची (तो धावलेल्या शर्यतींची) नोंद आणि वंशावळ यांतून काय काढायचे असते, हे मला कोणी शिकवलेले नव्हते. विभागातील ज्येष्ठ कारकून, ज्यांना सगळे नाना म्हणत, यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे एक काम ठेवले. ऑस्ट्रेलियात त्या काळात सलग जिंकत असलेल्या विंक्स या घोडीचे पान मी तयार करावे, तेही छापील तक्ता पुढे न ठेवता एकेक नोंद स्वतः शोधून, असे त्यांनी सांगितले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी मी हे लिहीत आहे, कारण त्या एका पानावर मी जे शिकले ते पुढच्या सगळ्या कामाला पुरले आहे.

पहिल्याच ओळीत माझी चूक झाली. विंक्सचा बाप स्ट्रीट क्राय, आणि अमेरिकेतील प्रसिद्ध घोडी झेनयाटा हीसुद्धा स्ट्रीट क्रायचीच मुलगी, म्हणून मी मोठ्या उत्साहाने ‘झेनयाटाची सावत्र बहीण’ असे लिहिले होते. नानांनी लाल पेन्सिलीने ती ओळ खोडली आणि म्हणाले, ‘‘अहो डॉक्टर, आई एक असेल तरच भावंडे. बापाच्या नात्याने मोजायला बसलात तर एका वर्षात शंभर भावंडे निघतील.’’ थरोब्रेडच्या व्यवहारात हा नियम जगभर पाळला जातो. आई-बाप दोन्ही समान असतील तर सख्खे, फक्त आई समान असेल तर सावत्र, आणि फक्त बाप समान असेल तर भावंडाचे नाते धरतच नाहीत. यामागचे कारण समजले की नियम पाठ करावा लागत नाही. लोकप्रिय वळू एका हंगामात शंभराहून अधिक घोड्या फळवतो, तर घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असल्यामुळे ती वर्षाला एकच शिंगरू देऊ शकते. आईकडून आलेले नाते दुर्मीळ असते, म्हणून त्याला किंमत असते. विक्रीच्या कॅटलॉगमध्ये पानाच्या वरच्या बाजूला वंशाचा तक्ता असला तरी खालचा सगळा मजकूर ‘पहिली माता’, ‘दुसरी माता’ अशा क्रमाने आईच्याच घराण्याचा असतो, तोही याच कारणाने.

त्यानंतर नानांनी वंशावळ बाजूला ठेवायला लावली आणि आधी धावा लिहून काढायला सांगितल्या. विंक्सचा जन्म १४ सप्टेंबर २०११ चा. येथे वयाची एक खाचखळगी आहे, जिच्यात प्रत्येक नवा माणूस एकदा तरी अडखळतो. दक्षिण गोलार्धात सगळ्या थरोब्रेड घोड्यांचे वय १ ऑगस्टला एका वर्षाने वाढते, आपल्याकडे आणि युरोप-अमेरिकेत ते १ जानेवारीला वाढते. त्यामुळे जून २०१४ मध्ये सिडनीच्या वॉरिक फार्मवर विंक्स ११०० मीटरची पहिली शर्यत धावली आणि जिंकली तेव्हा तिची नोंद दोन वर्षांची घोडी अशीच होते.

पहिल्या १० धावांमध्ये ती ४ वेळा जिंकली आणि ६ वेळा हरली. आज तिचे नाव घेणाऱ्या बहुतेकांना हे सहा पराभव आठवत नाहीत, परंतु मला वाटते की तिच्या कारकिर्दीचा सर्वांत बोलका भाग हाच आहे. २०१४ च्या वसंतात (तिकडे तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास असतो) फ्युरिअस स्टेक्स जिंकल्यावर टी रोझ स्टेक्स आणि फ्लाइट स्टेक्स या दोन्ही शर्यतींत ती दुसरी आली, आणि दोन्ही वेळा तिच्यापुढे फर्स्ट सील ही एकच घोडी होती. एप्रिल २०१५ मध्ये सिडनीच्या रँडविक मैदानावर २४०० मीटरच्या ऑस्ट्रेलियन ओक्समध्ये गस्ट ऑफ विंड या घोडीने तिला हरवले. निकालाच्या रकान्यात या सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, पण त्यांचा अर्थ निरनिराळा आहे. फर्स्ट सीलपुढचे पराभव समवयस्क घोड्यांच्या वरच्या वर्गातले आहेत. ओक्समधला पराभव अशा अंतरावरचा आहे, ज्याच्याकडे तिला नंतर पुन्हा कधीच नेले नाही. म्हणून पराभवाची ओळ लिहिताना अंतर, शर्यतीचा दर्जा, पाठीवरचे वजन, मैदान किती ओले होते आणि पुढे कोण होते, या पाच गोष्टी लिहिल्याशिवाय मी आजही पुढच्या ओळीवर जात नाही.

ओक्सनंतर १६ मे २०१५ रोजी ती क्वीन्सलँडमध्ये १६०० मीटरची सनशाइन कोस्ट गिनीज धावली. पुढच्या ३३ सलग विजयांतील तो पहिला विजय. दोन आठवड्यांनी क्वीन्सलँड ओक्स हा तिचा पहिला ग्रुप १, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीतला, विजय आला, आणि ऑक्टोबरमध्ये एप्सम हँडिकॅप जिंकून ती मेलबर्नला मूनी व्हॅलीच्या कॉक्स प्लेटला उतरली. २०४० मीटरची ही शर्यत तिने पावणेपाच लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली. २०१६ मध्ये हार्टनेलसारख्या तगड्या घोड्याला तिने तिथेच आठ लेंग्थ मागे टाकले, २०१७ मध्ये ह्युमिडॉर तिच्या अर्ध्या लेंग्थपर्यंत आला तरी वेळ २ मिनिटे २.९४ सेकंद अशी विक्रमी लागली, आणि २०१८ मध्ये युरोपातून आलेल्या बेनबॅटलला हरवून तिने चौथी कॉक्स प्लेट घेतली. त्याआधी किंग्स्टन टाउन या घोड्याने ती तीनदा जिंकली होती. चारदा कोणीही नाही.

पण नानांनी मला जी शर्यत पुन्हा पुन्हा पाहायला लावली ती यांपैकी एकही नव्हे. १९ ऑगस्ट २०१७ रोजी रँडविकवर झालेली १४०० मीटरची वॉरिक स्टेक्स ही ती शर्यत. मी तेव्हा नुकतीच रुजू झालेली असल्यामुळे तिची चित्रफीत आमच्या कचेरीत ताजी होती. गेट उघडले आणि विंक्स आत अडखळल्यासारखी मागे राहिली. सुमारे चार लेंग्थ पहिल्याच क्षणी गेल्या. जॉकी ह्यू बोमनने चाबूक उचलला नाही, की घाईने अंतर भरून काढण्यासाठी तिला रेटलेही नाही. तो मागे बसून राहिला आणि सरळ पट्ट्यात बाहेरच्या बाजूला मोकळी वाट मिळाल्यावरच त्याने तिला सोडले. नानांनी घड्याळ माझ्या हातात देऊन सांगितले, ‘‘घोडी पाहू नका, तिच्या पुढच्या पायांची ढांग मोजा.’’ मोजताना पहिल्या दोन वेळा माझी गल्लत झाली. तिसऱ्या वेळी लक्षात आले की बाकीच्या घोड्यांची लय शेवटच्या फर्लांगात मंदावत होती आणि हिची मंदावत नव्हती. बोमनचे हात पुढे जात होते, पण तिच्या पावलांचा ठेका तोच होता. शेवटच्या खांबापाशी तिने फॉक्सप्लेला जेमतेम मागे टाकले. फॉक्सप्लेही तिच्याच ट्रेनरच्या, क्रिस वॉलर यांच्या तबेल्यातली. तो सलग अठरावा विजय होता, आणि तिच्या नोंदीत अगदी कमी फरकाची ती ओळ मला आजही सर्वांत मोठी वाटते.

एप्रिल २०१९ मध्ये रँडविकवर तिसरी क्वीन एलिझाबेथ स्टेक्स जिंकून ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या नावावर ४३ धावा, ३७ विजय आणि २५ ग्रुप १ होते. २५ हा आकडा पाहून नव्या अभ्यासकाने थांबू नये, त्याची फोड करावी. यांपैकी एप्सम आणि २०१६ ची डॉनकास्टर माइल या दोनच शर्यती हँडिकॅप होत्या, म्हणजे तिथे कर्तृत्वाच्या प्रमाणात वजन चढवले जाते. क्वीन्सलँड ओक्स तीन वर्षांच्या माद्यांपुरती. उरलेल्या, टर्नबुल स्टेक्सचे दोन विजय सोडल्यास, वयानुसार वजनाच्या. अशा शर्यतींत चांगल्या घोड्याला चांगला असल्याची शिक्षा होत नाही, आणि घोडी म्हणून तिला नरांपेक्षा दोन किलोंची सवलतही मिळते. ती देशाबाहेर कधी धावली नाही, हा आक्षेपही प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. तरीही बेनबॅटलसारखे परदेशी घोडे तिच्याकडे येऊन हरले, आणि २०१८ च्या जागतिक क्रमवारीत क्रॅक्समन या घोड्यासोबत १३० च्या मानांकनाने ती संयुक्तपणे पहिली होती. हे सारे तोलून मी तिला आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ घोडी मानते, आणि आकड्यांची फोड करूनही हे मत टिकते म्हणूनच ते सांगण्याचे धाडस करते.

धावा लिहून झाल्यावर नानांनी वंशावळ उघडू दिली. वरची बाजू, म्हणजे बापाची, देखणी आहे. स्ट्रीट क्रायने २००२ चा दुबई वर्ल्ड कप जिंकला. तो मॅकियाव्हेलियनचा मुलगा आणि आयरिश ओक्स जिंकणाऱ्या हेलन स्ट्रीटचा. मॅकियाव्हेलियनची आई कू द फोली हिच्यापाशी थोडे थांबण्यासारखे आहे. तिचा बाप हेलो, त्याची आई कॉस्मा, आणि कॉस्माची आई अल्माहमूद. दुसऱ्या बाजूने कू द फोलीची आई रेझ द स्टँडर्ड, तिची आई नताल्मा, म्हणजे नॉर्दर्न डान्सरची आई, आणि नताल्माची आईही अल्माहमूदच. एकच घोडी दोन्ही बाजूंनी तिसऱ्या पिढीत येते, याला ३ × ३ चे अंतःप्रजनन म्हणतात. विंक्सपासून मोजले तर अल्माहमूद सहाव्या पिढीत जाते, त्यामुळे नेहमीच्या पाच पिढ्यांच्या तक्त्यात ती दिसतच नाही. मी एक पूर्ण दुपार त्या पाच पिढ्यांत समान नाव शोधत बसले होते. नानांनी तक्त्याखाली एक कोरा कागद चिकटवला आणि सहावी पिढी हाताने लिहायला लावली. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

मग त्यांनी पट्टीने वरचा अर्धा भाग झाकला. खाली उरली ती विंक्सची आई वेगास शोगर्ल, न्यूझीलंडची घोडी, ३५ धावांत ७ विजय. तिचा बाप अल अकबर, आई वेगास मॅजिक, आणि वेगास मॅजिकचा बाप वूडू रिदम. युरोप-अमेरिकेच्या कॅटलॉगमध्ये ही नावे कोणाला थांबवणार नाहीत. म्हणूनच २०१३ मध्ये गोल्ड कोस्टच्या मॅजिक मिलियन्स विक्रीत विंक्स २,३०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरना गेली. बरी किंमत, पण त्या रिंगणात डोळे विस्फारायला लावणारी नव्हे. पण या आईची नोंद नीट वाचली तर एक गोष्ट दिसते, जी नावांमध्ये दिसत नाही. ३५ वेळा धावून जी घोडी शाबूत राहते तिचे पाय आणि मन दोन्ही मजबूत असले पाहिजेत. शरीरशास्त्र शिकून आलेल्या मला हे सर्वांत आधी दिसायला हवे होते, आणि मी मात्र मोठ्या नावांच्या मागे धावले. या मजबुतीतूनच विंक्स घडली असे मी म्हणणार नाही, कारण एका घोडीवरून तसे सिद्ध होत नाही. पण सात वर्षांची होईपर्यंत ४३ धावा, त्याही अशा दर्जाच्या, हे मजबूत हाडांशिवाय होत नाही, आणि त्या हाडांचा माग काढायचा तर तो पानाच्या खालच्या अर्ध्यातच काढावा लागतो.

ज्यांना हे काम शिकायचे आहे त्यांना पुण्यात राहण्याचा एक लाभ आहे: भारतीय थरोब्रेडची स्टड बुक, म्हणजे वंशनोंदीची अधिकृत वही, पुण्यातूनच ठेवली जाते, आणि आपल्या घोड्यांच्या माता कुठून आल्या हे त्यात पिढ्यान्‌पिढ्या वाचता येते. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीने (तरुण घोडीने) जिंकली होती, ही नोंद पाहून मी त्या वर्षापासूनच्या विजेत्या फिलींची यादी करायला घेतली. अशी एखादी यादी स्वतःच्या हाताने केल्यावर जे लक्षात राहते ते संगणकावर दिसलेल्या तक्त्याने राहत नाही. सुरुवातीला दररोज एकच पान घ्यावे, त्यावर ठळक अक्षरांत काय छापले आहे ते पाहावे, कारण ठळक नाव म्हणजे त्या घोड्याने लिस्टेड किंवा ग्रुप, म्हणजे वरच्या दर्जाच्या, शर्यतीत स्थान मिळवल्याची खूण असते, आणि मग जे ठळक नाही ते अधिक लक्ष देऊन वाचावे.

विंक्सच्या पानाचा शेवट मी नंतरच्या वर्षांत लिहिला. २०२० मध्ये आय ॲम इन्व्हिन्सिबलपासून झालेले तिचे पहिले शिंगरू वाचले नाही. ती ओळ लिहिताना हात जड झाला होता. पिएरोपासून झालेली तिची मुलगी २०२२ मध्ये जन्मली, आणि एप्रिल २०२४ मध्ये सिडनीच्या इंग्लिस ईस्टर विक्रीत एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकली गेली. त्या विक्रीचे पान मी मागवले तेव्हा नाना निवृत्त झाले होते. ‘पहिली माता’ या शब्दांपुढे आता विंक्स हे नाव होते, आणि वेगास शोगर्ल एक ओळ खाली सरकून दुसरी माता झाली होती. मी वहीत ते पान उतरवले, वरचा अर्धा भाग पट्टीने झाकला, आणि विंक्सच्या नावाखाली पुढच्या शिंगरांसाठी सहा ओळी कोऱ्या ठेवल्या.