मुलांना लॅटिन आणि प्राचीन ग्रीक शिकवायचंय? आधी संस्कृतची वही काढा

घरात आठवी-नववीतलं पोरगं किंवा पोरगी असेल, संस्कृत घेतलेलं असेल आणि भाषेची आवड असेल तर लॅटिन सुरू करायला हीच वेळ आहे. मार्क मिळणार नाहीत, बोर्डात हा विषय नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका म्हणजे कुणाच्या डोक्यावर टेन्शन राहत नाही.

बहुतेक पालक इंग्रजी पुस्तक आणतात आणि इंग्रजीतूनच शिकवायला जातात, तिथेच गाडी अडते. इंग्रजीत नामाच्या विभक्त्या जवळपास संपल्या, म्हणून ती पुस्तकं कितीतरी पानं विभक्ती म्हणजे काय हेच समजावत बसतात, आणि आपल्या पोट्ट्यांना तर ते "देवः देवौ देवाः" करता करता कधीच समजलेलं असतं. वंदे मातरम् मधलं "मातरम्" घ्या, द्वितीया. लॅटिनमध्ये "मात्रेम", ग्रीकमध्ये "मेतेरा". आता वाक्य लिहा, "पुएल्ला मात्रेम आमात", मुलगी आईवर प्रेम करते. शब्दांची जागा बदला, "मात्रेम पुएल्ला आमात", अर्थ तोच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला याची सवय व्हायला वेळ लागतो, आपलं पोरगं म्हणतं हो मग, त्यात काय.

दुसरी बैठक "असणे" क्रियापदाची. अस्मि, असि, अस्ति शेजारी सुम्, एस्, एस्त् लिहा आणि सन्ति शेजारी सुन्त्. चार्ट भिंतीवर लावा पण घोकायला लावू नका, रोज 20 मिनिटं वाक्यं वाचू द्या, टेबल आपोआप बसतं.

एक प्रश्न नक्की येणार की तृतीया कुठे गेली. लॅटिनमध्ये तृतीया, पंचमी आणि सप्तमी मिळून बहुतेक एकच विभक्ती झाली, ग्रीकमध्ये पंचमीचं काम षष्ठीकडे गेलं आणि तृतीया-सप्तमीचं चतुर्थीकडे. हे सरळ सांगा, पोरं पटकन धरतात.

सरावासाठी बाहेर पडा, नागपूरच्या महाराजबागेत चक्कर मारा नाहीतर घराजवळचा पिंपळ पाहा. पिंपळाचं शास्त्रीय नाव फिकस रेलिजिओसा. इथे हुशार पोरगं अडेल की फिकस तर "उस" वालं आहे, पुल्लिंगी, मग रेलिजिओसुस का नाही? कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी असतात आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं, शेवट कसा दिसतो त्याप्रमाणे नाही. मग त्यालाच विचारा की आपल्या संत्र्याचं नाव सिट्रस रेटिक्युलाटा असं का, आणि गप्प बसा. स्वतः उत्तर काढलं की तो नियम विसरत नाही.

उच्चारात एक गोष्ट आधीच ठरवा. चर्चमधलं लॅटिन आणि जुन्या रोमचं लॅटिन वेगळं बोललं जातं, रोमन वक्ता सिसेरोचं नाव चर्चमध्ये "चिचेरो", जुन्या रोममध्ये "किकेरो". मी जुनंच घ्या म्हणेन, त्यात c अक्षर म्हणजे नेहमी क. ग्रीकमध्ये तर आपली मजाच आहे, अथेन्सच्या जुन्या ग्रीकमध्ये फ, थ, ख हे आपल्यासारखेच महाप्राण होते. इंग्रजी बोलणाऱ्यांना प आणि फ वेगळा काढायला मेहनत लागते, आपल्याकडे चार वर्षांचं लेकरू ते बोलतं.

ग्रीक मात्र लॅटिनसोबत सुरू करू नका, वर्षभर थांबा. लिपीची भीती नको, 24 अक्षरं, त्यातली अल्फा, बीटा, थीटा, पाय तर गणिताच्या वहीत आधीच आहेत. अक्षरं जमली की इंडो-ग्रीक राजा मिनँडरच्या नाण्याचा फोटो नेटवर शोधून पोरांसमोर ठेवा. हाच आपला मिलिंद, बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा, दीक्षाभूमीच्या गावातल्या पोरांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. एका बाजूला ग्रीक अक्षरात "बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू", दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत "महरजस त्रतरस मेनंद्रस". दोन्हीकडे तिन्ही शब्द षष्ठीत, त्राता महाराज मिनँडरचं. तीनच शब्द, पण इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातलं खरं ग्रीक पोरगं स्वतः अक्षर लावून वाचून राहिलंय, त्याचा चेहरा बघा तेव्हा. माझ्या मते पाठ्यपुस्तकाच्या दहा धड्यांपेक्षा हे नाणं जास्त कामाचं आहे.

पुढे ग्रीक क्रियापदं अवघड आहेत, खोटं कशाला सांगू. तिथेही संस्कृत धावून येतं, द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा प्रयोग आहे, "अगच्छत्" मध्ये भूतकाळाला जसा आधी अ लागतो तसा ग्रीकमध्ये ए लागतो. लॅटिनमध्ये द्विवचन गेलं, ते ऐकून पोरं खूश होतात.

साधनं फुकट आहेत. पर्सियस डिजिटल लायब्ररीत मूळ ग्रंथ आहेत आणि शब्दावर क्लिक केलं की त्याचं रूप आणि अर्थ दिसतो, विक्शनरीत शब्द चालवून दिलेले मिळतात. ड्युओलिंगोवर लॅटिन आहे पण छोटं, आणि तिथलं ग्रीक आजच्या ग्रीसचं आहे, त्यात फसू नका. उच्चार देवनागरीत लिहायची मुभा पहिला महिनाच द्या, नंतर बंद करा, नाहीतर लिपी कच्ची राहते. परीक्षेच्या दिवसांत नवीन काही घेऊ नका, फक्त जुनी वाक्यं मोठ्याने वाचायला लावा, तेवढं जेवणाआधीही होतं.