बिगोडीच्या पाणथळीत जाण्यापूर्वी

गुडघ्यापर्यंत येणारे जाड मोजे घ्यावेत. अशा यादीची सुरुवात पासपोर्टाने करण्याची पद्धत आहे, पण पासपोर्ट कोणी विसरत नाही. मोजे मी विसरले होते, म्हणून ते आधी.

बिगोडी हे पश्चिम युगांडातले, किबाले राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेले गाव आहे. गावाशेजारच्या मागोम्बे दलदलीचे अभयारण्य ‘काफ्रेड’ ही गावकऱ्यांचीच संस्था १९९२ पासून सांभाळते. गाईड गावातले असतात, आणि शुल्काचा पैसा गावातल्या शाळेसारख्या कामांसाठी वापरला जातो. दलदलीभोवतीची फेरी दोन ते तीन तासांची असून वाट कधी पपायरसच्या दाट बनातून, कधी फळकुटांच्या साकवावरून, तर कधी लोकांच्या केळीच्या बागांच्या कडेने जाते. पपायरस आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातला, पण डोक्यावरून उंच जाणारा. पायांत घालायला गमबूट तिथे भाड्याने मिळतात, आणि नेमक्या याच माहितीने माझा घात केला. बूट मिळणार आहेत म्हटल्यावर पायांचा प्रश्न मिटला, असे समजून मी घोट्याएवढे पातळ सुती मोजे घालून गेले.

पहिल्या अर्ध्या तासातच ते मोजे टाचेखाली गोळा झाले आणि बुटाची रबरी कड उघड्या पोटरीवर घासू लागली. पुढे वाटेवर सफारी मुंग्यांची रांग आडवी आली. गाईडने “थांबू नका, पाय उचलून चला” असे सांगितले आणि मी नेमकी थांबले. या मुंग्या आपल्या डोंगळ्यांसारख्या चावून सोडून देत नाहीत. त्यांतल्या शिपायांचे जबडे कातडीत रुतून बसतात. गाईडने एकेक ओढून काढली तेव्हा धड त्याच्या चिमटीत आले आणि डोके माझ्या पोटरीतच राहिले. त्याच वेळी समोरच्या उंबरावर ग्रेट ब्लू तुराको उतरला होता, असे मला मागाहून कळले. निळ्या अंगाचा, पिवळ्या-लाल चोचीचा, कोंबड्याहून मोठा असा तो पक्षी सोबतच्या सगळ्यांनी पाहिला. मी तेव्हा बूट काढून एका पायावर उभी होते.

म्हणून पुन्हा सांगते, मोजे गुडघ्यापर्यंतचे हवेत, आणि पँट नुसती बुटात न खोचता मोज्यात खोचावी. बुटाचे तोंड सैल असते, त्यातून मुंगी सहज आत जाते. मोजा घट्ट बसला तर तिला वाट मिळत नाही. दोन जोड घ्यावेत, कारण एक भिजतोच. फोर्ट पोर्टल या जवळच्या शहरात पोहोचल्यावर विकत घेऊ, असे ठरवू नये, कारण सकाळची फेरी गाठायची तर उजाडायच्या आधी निघावे लागते आणि त्या वेळी कोणते दुकान उघडे असणार?

आता पिवळ्या तापाची लस. ती पुढे ढकलणाऱ्यांविषयी मला फारशी सहानुभूती नाही. लसीचे प्रमाणपत्र टोचून घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि पुढे आयुष्यभर चालते. ते युगांडात शिरताना लागते, आणि भारतात परतताना नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांतच मिळते. मुंबई-पुण्यात अशी केंद्रे आहेत, पण तारीख आधी घ्यावी लागते. तेव्हा तिकीट काढले की लगेच लसीची तारीख घ्यावी. अंड्याची ॲलर्जी असेल तर तसे आधी सांगावे, कारण ही लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेल्या विषाणूपासून बनते. मलेरियाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना विचारावे. त्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही काही काळ चालू ठेवायच्या असतात. व्हिसा ऑनलाइन मिळतो.

मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तिथले पावसाचे महिने. शक्यतो ते टाळावेत. इतर वेळीही पाऊस येतोच, म्हणून रेनकोट घ्यावा, छत्री नको. पपायरसच्या बनात छत्री उघडून चालणाऱ्याची फजिती पाहवत नाही. पक्ष्यांसाठी सकाळची फेरी चांगली. माकडे मात्र दुपारनंतरही भरपूर दिसतात: लाल कोलोबस, काळे-पांढरे कोलोबस, लालशेपटी माकड, करड्या गालांचे मँगाबे. दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी. दोघांत एक पुरेल असे आम्हीही म्हटले होते, आणि त्यावरून झालेला वाद घरी येईपर्यंत पुरला. कपडे लांब बाह्यांचे आणि मातकट रंगाचे असावेत. मोज्यांचे वर सांगितले आहेच. ते विमानात सोडायच्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावेत, कारण सामान एक दिवस उशिरा आले तर बाकी सगळे निभावते, ते निभावत नाही.

गावफेरी वेगळी असते आणि ती टाळू नये. तिच्यात कॉफी भाजून उखळात कुटतात, केळ्यांची दारू कशी गाळतात ते दाखवतात, आणि बायकांच्या गटाने विणलेल्या टोपल्या पाहायला मिळतात. तिथे युगांडाचे शिलिंग लागतात आणि तेही सुटे; पन्नास हजारांची नोट पुढे केली की समोरची बाई मोडीसाठी शेजारच्या तीन घरांत फिरते आणि आपण ओशाळून उभे राहतो. पैसे बदलून घेतानाच पाच आणि दहा हजारांच्या नोटा मागाव्यात. डॉलर न्यायचे तर नव्या छपाईचे, न दुमडलेले न्यावेत. जुन्या नोटा तिथे कमी भावाने घेतात किंवा घेतच नाहीत. फोटो विचारून काढावेत. मुलांना वाटेत गोळ्या-पेन्सिली वाटू नयेत. द्यायचेच असेल तर गाईडला विचारून शाळेत द्यावे.

या भागातल्या बाटोरो लोकांत प्रत्येकाला नावाशिवाय एक ‘एम्पाको’ असतो. अशी ठरलेली बारा नावे आहेत आणि मायेने किंवा आदराने हाक मारायची तर त्याच नावाने मारतात. ही रीत मागे पडत चालली म्हणून २०१३ मध्ये युनेस्कोने तिला तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतले. गाईडला त्याचा एम्पाको विचारावा. पुढची ओळख पटकन होते आणि बऱ्याचदा आपल्यालाही एक नाव मिळते. मला ‘अकीकी’ मिळाले, तेही पोटरीतून मुंग्या काढून झाल्यावर.

शाकाहाऱ्यांनी थेपल्यांची चळत नेऊ नये. मटोके म्हणजे उकडलेली कच्ची केळी, घेवडा, चपाती आणि दाण्याचे कालवण हे तिथले रोजचे जेवण आहे; ते कालवण आपल्या दाण्याच्या आमटीची चुलत बहीण शोभेल असे असते. मांसाचा रस्सा वरून घालू नका, एवढे आधी सांगून ठेवावे. पाणी उकळलेले किंवा बाटलीचेच प्यावे.

उरलेले थोडक्यात. तिथले प्लग तीन चपट्या पिनांचे असतात, अडॅप्टर घ्यावा. टॉर्च, पॉवर बँक, डास पळवणारे मलम. विमान उतरते त्या एंटेबेपासून फोर्ट पोर्टल हा पूर्ण दिवसाचा प्रवास समजावा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री एंटेबेतच राहावे. ओले मोजे वेगळ्या पिशवीत. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी युगांडाचे सांगावे, मग तापाचे. लसीचे पिवळे कार्ड पासपोर्टातच ठेवावे.