नॉर्वेतील पूर्वजांचा शोध: जनगणनेपासून विवाहनोंदीपर्यंत

नॉर्वेतील पूर्वजांचा शोध घेताना आडनावावर विसंबून राहू नये. १९२३च्या कायद्याने कायमचे आडनाव सक्तीचे होईपर्यंत खेड्यांत निल्सचा मुलगा निल्सेन आणि मुलगी निल्सदात्तर म्हणवली जाई. पुढे जोडलेले शेतवाडीचे नाव तर कुटुंबाने बिऱ्हाड हलवले की बदलत असे. म्हणून वडिलांचे नाव, शेतवाडी आणि पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतील परिसर) या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय माणूस सापडला असे मानू नये.

प्रारंभ नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिजिटालआर्किव्हे' या मोफत संकेतस्थळावरून करावा. तेथे अलीकडच्या जनगणनेपासून मागे सरकावे. जनगणनेच्या याद्या १०० वर्षे गोपनीय असतात. १९२०ची यादी आता खुली आहे, तर १९१०च्या यादीत जन्माची पूर्ण तारीख मिळते. त्यानंतर १९००, १८७५ आणि १८६५च्या याद्या पाहाव्यात. १८६५मध्ये जन्माचे पॅरिश दिलेले असते, मात्र वय चालू वर्ष धरून लिहिलेले असल्याने त्यातून साधारणपणे एक वर्ष वजा करावे. त्याआधी नावनिशीवार देशव्यापी गणना १८०१चीच. मधल्या दशकांतील गणना बहुतांशी केवळ आकड्यांच्या आहेत, आणि ती पोकळी चर्चच्या नोंदवह्याच भरून काढतात.

विवाहनोंद शोधण्यासाठी जनगणनेतील थोरल्या मुलाच्या वयावरून लग्नाचा अंदाजे काळ ठरवावा. विवाहापूर्वी जन्मलेली मुले आणि विधुर-विधवांचे पुनर्विवाह त्या काळी दुर्मीळ नव्हते, त्यामुळे अंदाज दोन्ही बाजूंनी सैल ठेवलेला बरा. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागत असल्याने शोधही तेथूनच सुरू करावा. पूर्वी स्त्रिया लग्नानंतरही वडिलांचेच नाव लावत, हे शोधकाच्या पथ्यावर पडते: १८६५च्या यादीत पत्नी 'ऊल्सदात्तर' असेल, तर तिचे वडील ऊले, एवढे त्याच ओळीत कळते. एकोणिसाव्या शतकातील रकानेवार नोंदींत वधूवरांचे वय, जन्मस्थान, राहण्याचे ठिकाण आणि दोघांच्या वडिलांची नावे आढळतात, म्हणजे एका नोंदीतून दोन घराण्यांची आधीची पिढी हाती लागते. विवाहाला कोणतीही आडकाठी नसल्याची हमी देणाऱ्या दोन जामीनदारांची नावेही टिपून ठेवावीत, कारण ते अनेकदा नातेवाईक किंवा शेजारी असत.

नाव सापडत नसेल, तर स्पेलिंग बदलून पाहावे. क्रिस्टेन हे एकच नाव 'सी-एच'ने किंवा 'के'ने लिहिले जाई. तरीही ते मिळाले नाही, तर मूळ पानाचे छायाचित्र उघडावे, आणि ते पान फाटलेले किंवा अस्पष्ट असल्यास चर्चच्या सेवकाने ठेवलेली दुसरी प्रत उपलब्ध आहे का, ते तपासावे.