घरात तीन सायकली असतील तर तिन्ही चालत्या कशा ठेवाव्यात

तीन सायकली ठरवून कुणी घेत नाही, त्या साठत जातात. आजोबांची काळी, दांडीब्रेकची सायकल असते. कॉलेजात घेतलेली जाड टायरची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, असते. रविवारी खडकवासल्यापर्यंत जायची गोडी लागली की गिअरची हायब्रिडही येते. पुढे एकच चालते आणि बाकीच्या पार्किंगमध्ये धूळ खातात. हे टाळता येतं, आणि त्यासाठी खर्चही फारसा लागत नाही.

आधी सायकली बाजूला ठेवा आणि कागदावर फेऱ्या लिहा: भाजी-दळण, ऑफिस, लांबचा पल्ला. मग प्रत्येक फेरीपुढे एक सायकल. भाजीच्या सायकलीला कॅरिअर, स्टँड, मडगार्ड आणि कुलूप कायमचं लावून टाका. दर वेळी काढ-घाल करावी लागली तर माणूस स्कूटरची किल्ली उचलतो.

आता सीटची उंची. माझ्या मते अर्धा आराम इथेच आहे, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, नेहमीचे बूट घालून. पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कंबर एका बाजूला न झुकता पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तीच तुमची उंची. क्रँक (ज्या दांडीच्या टोकाला पॅडल असतं ती) जिथे फिरतो त्या मध्यबिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत टेपनं मोजा आणि आकडा लिहून ठेवा. तोच आकडा तिन्ही सायकलींना लावा. फक्त क्रँकची लांबी बघा, ती बहुधा क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. मोजलेल्या सायकलीचा क्रँक 170 मिमी आणि दुसरीचा 165 मिमी असेल तर दुसरीची सीट 5 मिमी वर घ्या. सीटच्या दांड्यावरची कमाल खूण मात्र ओलांडू नका. त्या उंचीवर दांड्याला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे घरातल्या कुणी सीट खाली केली तरी परत बसवायला क्षणभर पुरतो.

हँडल सगळीकडे सारखं नको. गर्दीत चालवायच्या सायकलीचं हँडल सीटच्या बरोबरीला किंवा वर असावं, मान वळवून मागे बघता येतं. ताठ बसायचं तिथे रुंद सीट, पुढे झुकायचं तिथे अरुंद. मऊ जेलच्या सीटचा मोह फार होतो. दोन-चार किलोमीटरला ती छानच वाटते, पण लांबच्या पल्ल्यात माणूस तिच्यात रुततो, कातडी घासते, मुंग्या येतात.

टायरच्या बाबतीत एक फसगत नेहमीची. काळ्या सायकलीचं 28 इंची टायर आणि हायब्रिडचं 700सी दिसायला सारखी, पण एकाचं दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेला 37-622 असे आकडे असतात, त्यातला दुसरा, म्हणजे टायर रिमवर बसतं तिथला मिमीमधला व्यास, महत्त्वाचा: हायब्रिड 622, जुनी काळी 635, 26 इंची एमटीबी 559. ट्यूबचे वॉल्व्हही वेगळे असतात, त्यामुळे तिन्हींना चालेल असा एकच पंप घ्या. हवेचा दाब टायरवर छापलेल्या मर्यादेतच ठेवा. साधारण 70 किलोच्या माणसाला 35 मिमी टायरमध्ये 50 पीएसआयच्या आसपास, दोन इंची टायरमध्ये 30 ते 35 पुरतो. मागच्या चाकात थोडा जास्त. टायर दगडासारखं टणक केलं तर प्रत्येक स्पीडब्रेकर मणक्यात जाणवतो.

चेनला खोबरेल घालू नका. ते चिकट होतं, धूळ धरतं आणि थंडीत थिजतं. चेन पुसा, प्रत्येक कडीला चेनच्या तेलाचा एक थेंब द्या, पॅडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. नव्या चेनच्या 24 कड्या, एका पिनेच्या मध्यापासून मोजल्या तर, बरोबर 12 इंच भरतात. फुटपट्टीवर त्याच 24 कड्या इंचाच्या सोळाव्या भागाइतक्या जरी वाढल्या तरी चेन बदला, नाहीतर गिअरची चक्रंही खराब होतील. पावसाळ्यात भिजलेली सायकल घरी आली की त्याच दिवशी हे काम करा.

विसाव्याला असलेल्या सायकलीतली हवा महिन्यातून एकदा बघा. ती सपाट टायरवर उभी राहिली की टायरच्या कडा चिरतात. क्रँकखालच्या भागावर कोरलेला फ्रेमनंबर तिन्हींचा फोटो काढून ठेवा.

आणि कागदावर जिच्यापुढे एकही फेरी आली नाही, ती देऊन टाका. गावाकडच्या शाळकरी मुलाला द्यायची असेल तर बिनगिअरची द्या, तिचे सुटे भाग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात. देण्याआधी चाकांचा आऊट (वाकडं फिरणं) काढा, ब्रेकचे रबर नवे घाला आणि सोबत एक ट्यूब द्या.